सुट्टीत पुण्याला येताय? कमी पैशात नाटक-गाणं असं बघा

मे महिन्यात नाहीतर दिवाळीत मामा-काकांकडे पुण्यात येणारे बरेच जण शनिवारवाडा, सिंहगड, तुळशीबाग उरकतात आणि परत जातात. नाटकाचं नाव काढलं की "नको बाबा, चौघांचे दोन हजार जातील" म्हणून विषय तिथेच संपतो. जातात ना, पण शनिवारी रात्री साडेनऊचा प्रयोग, पुढच्या ओळी, ॲपवरून बुकिंग आणि येता-जाता कॅब असं सगळं एकदम केलं तर.

सगळ्यात आधी पेपर उघडा, तारीख नंतर ठरवा. नाटकांच्या छोट्या चौकोनी जाहिराती अजूनही पेपरात येतात, त्यात थिएटर आणि वेळ दोन्ही असतं. शनिवार-रविवारी जास्त प्रयोग असतात, साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ. बाहेरगावच्यांनी रात्रीचा सोडाच, कारण तो सुटेपर्यंत बारा-साडेबारा होतात, मेट्रो बंद, बस मिळेल याचा भरवसा नाही आणि रिक्षावाला म्हणेल ते द्यावं लागतं, म्हणजे तिकिटात वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

तिकीट शक्यतो थिएटरच्या खिडकीवरच काढा. ॲपवर वर चार्जेस लागतात, चार तिकिटांचे मिळून बटाटेवड्याचे पैसे सहज निघतात. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, भर दुपारी बंद, दुपारी एकला कुठलं पुणं उघडं असतं म्हणा! पूर्वी तर आत कागदावर छापलेला प्लॅन असायचा आणि तिकीटवाले काका पेनाने एकेक खुर्ची खोडायचे. आता कुठे कॉम्प्युटर आहे, कुठे नाही, पण "कडेला नको, मधली द्या" असं तोंडाने सांगता येतं. प्लॅन उघडला, म्हणजे बुकिंग सुरू झालं, त्याच दिवशी गेलात तर स्वस्तातली चांगली जागा मिळते.

आता बाल्कनीबद्दल, लोक उगाच नाक मुरडतात. बालगंधर्वला (१९६८ चं थिएटर आहे) बाल्कनीतून अख्खं नेपथ्य दिसतं, उलट पहिल्या दोन ओळीत बसलं की मान वर करून करून दुखायला लागते. हा, आजी-आजोबा बरोबर असतील तर खाली मागच्या ओळी घ्या, जिने चढवू नका. आणि नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यामुळे छापलेली किंमत तीच किंमत.

पण खरी स्वस्ताई प्रायोगिक नाटकांत आहे. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, एरंडवण्यातलं द बॉक्स, अशा छोट्या जागा आहेत. नट तुमच्यापासून चार हातांवर उभा असतो, त्याचा घाम दिसतो, आवाज माइकशिवाय येतो आणि तिकीट मोठ्या नाटकापेक्षा बरंच कमी. सगळीच चांगली असतात असं नाही, एखादं पार डोक्यावरून जातं, पण त्या पैशात तेवढं चालतं. फक्त वेळेवर पोचा, एकदा दार लावलं की आत घेतीलच असं नाही. लहान पोरं असतील तर मात्र हे नको, त्यांच्यासाठी मेमध्ये बालनाट्यं लागतात ती बघा.

फुकटात बघायचं तर दिवाळी पहाट. ठिकठिकाणी असते, काही ठिकाणी प्रवेशिका आधी घ्याव्या लागतात म्हणून पेपरातली छोटी बातमी नीट वाचा, उटणं-अंघोळ उरकून पहाटेच जा, उशीर केला की उभं राहून ऐकावं लागतं. गणपतीत आलात तर मंडळांचे कार्यक्रम असतातच. त्याच सुमारास भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या एकांकिका असतात, कॉलेजची पोरं अक्षरशः जीव तोडून काम करतात आणि त्यांचे मित्र आरडाओरडा करून थिएटर डोक्यावर घेतात, तो माहोल एकदा तरी अनुभवाच. डिसेंबरात सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, यायचं असेल तर खुर्चीच्या फंदात पडू नका, भारतीय बैठकीचं तिकीट काढा, सतरंजी-उशी घरून आणा, आणि शाल विसरू नका, रात्री जाम थंडी पडते.

जायला-यायला मेट्रो बरी. बालगंधर्वला संभाजी उद्यान स्टेशन जवळ, तिथून चालत जा. गाडी आणलीत तर पार्किंगसाठी अर्धा तास आधी निघा, आणि तरीही कुठेतरी लांबच लावायला लागेल.