नाव यादीत आहे ना? निवडणूक कार्यालयाच्या सेवा वेळेवर कशा घ्याव्यात

मतदानाच्या दिवशी हातात ओळखपत्र घेऊन आलेला मतदार केंद्राबाहेरच्या टेबलापाशी उभा आहे, यादीची पाने दोनदा चाळून झाली आहेत आणि त्याचे नाव कुठेच सापडत नाही, हे दृश्य महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. त्या क्षणी केंद्राध्यक्ष त्याच्यासाठी काहीही करू शकत नाही, कारण मतदानाचा अधिकार ओळखपत्राने मिळत नसून मतदार यादीतील नावाने मिळतो. ओळखपत्र केवळ यादीतली व्यक्ती तीच आहे एवढे सिद्ध करते. ही अडचण सोडवण्याची यंत्रणा वर्षभर आपल्या तालुक्यात चालू असते. तिचे दार कोणते, तिथे काय मागायचे आणि केव्हा मागायचे, हे प्रत्येक घराला माहीत असावे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आयोग दोन, यादी एकच

आपल्याकडे निवडणुका घेणारे दोन स्वतंत्र आयोग आहेत. भारत निवडणूक आयोग संविधानाच्या अनुच्छेद ३२४ नुसार २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला आणि तो लोकसभा, विधानसभा, राज्यसभा व विधान परिषदेच्या निवडणुका घेतो. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, जो ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर अस्तित्वात आला. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी तयार करत नाही. एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांमध्ये किंवा गणांमध्ये विभागतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महानगरपालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ रोजीची यादी वापरली गेली, त्यामुळे ज्याने त्यानंतर नाव नोंदवले त्याला त्या निवडणुकीत मत देता आले नाही. प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटले असेल, तर तिथे हरकत घेता येते. पण मूळ यादीतच नाव नसेल तर पालिकेच्या कार्यालयात कितीही खेटे घातले तरी ते नव्याने लागत नाही. म्हणून मूळ यादीकडे आधी लक्ष द्यावे.

पहिली ओळख केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची करून घ्यावी

प्रत्येक मतदान केंद्राच्या यादीसाठी एक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी नेमलेला असतो, ज्याला सगळे ‘बीएलओ’ म्हणतात. तो बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी किंवा पालिकेचा कर्मचारी असतो आणि मूळ नोकरी सांभाळून हे काम करतो, याची जाणीव ठेवून त्याच्याशी बोलावे. त्याच्या वर सहायक मतदार नोंदणी अधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदार, आणि त्यांच्या वर विधानसभा मतदारसंघाचा मतदार नोंदणी अधिकारी असतो. अर्जावर निर्णय देण्याचा अधिकार या नोंदणी अधिकाऱ्याचा आहे. बीएलओ घरी येऊन पडताळणी करतो आणि अहवाल देतो. जिल्हाधिकारी हे जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. आपला बीएलओ कोण हे १९५० या मदत क्रमांकावर, मतदार सेवा पोर्टलवर किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत कळते.

आता हातातले ओळखपत्र घेऊन त्यावरच्या क्रमांकाने पोर्टलवर आपले नाव शोधावे. नाव दिसले तर यादी भाग क्रमांक आणि त्या भागातील अनुक्रमांक वहीत लिहून ठेवावा. घरातल्या प्रत्येकाचे नाव वेगवेगळे तपासावे, कारण एकाच कुटुंबातली नावे दोन भागांत विखुरलेली असणे नवीन नाही.

कोणत्या कामाला कोणता नमुना

पहिल्यांदाच नाव नोंदवायचे असेल तर नमुना ६ भरावा. पूर्वी केवळ १ जानेवारी ही अर्हता तारीख, म्हणजे १८ वर्षे पूर्ण झाली आहेत की नाहीत हे ज्या दिवसावरून पाहतात ती तारीख, होती; ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. अर्जासोबत छायाचित्र, वयाचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा लागतो. भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार चालतो. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला गावच्या घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता निवडता येतो. ज्यांना घरच नाही त्यांच्याकडे पत्त्याचा कागद नसणार हे आयोगाने धरलेले आहे. अशा वेळी बीएलओने रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती तिथे झोपते की नाही हे पाहावे, अशी पद्धत आहे. कागद नाही म्हणून अशा माणसाला कुणी परत पाठवत असेल तर ते योग्य नाही, हे आपण शेजारी म्हणून ठामपणे सांगावे.

सर्वांत जास्त घोळ पत्ता बदलताना होतो. यादीत आधीपासून नाव असेल तर नवीन ठिकाणी पुन्हा नमुना ६ भरू नये; नमुना ८ भरावा. पत्ता बदलणे, नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करणे, हरवलेले ओळखपत्र पुन्हा मिळवणे आणि दिव्यांग मतदार म्हणून नोंद करून घेणे, ही चारही कामे याच नमुन्यात होतात, आणि पत्ता बदलला तरी ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. नमुना ६ पुन्हा भरला की जुनी नोंद तशीच राहते आणि नाव दुबार होते. एकापेक्षा जास्त ठिकाणी नाव ठेवणे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० नुसार चालत नाही, आणि अर्जात खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींच्या बाबतीत हे फार घडते. माहेरच्या यादीतले नाव तसेच राहते, सासरी कुणीतरी नवीन अर्ज भरून देते आणि आडनाव बदललेले असल्याने दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. नाव न बदलताही फक्त पत्ता बदलता येतो, आणि नातेवाइकाच्या रकान्यात पतीऐवजी वडिलांचे किंवा आईचे नाव देण्याची मोकळीक आहे, हे तिला अर्ज भरण्याआधी सांगितले पाहिजे.

मुंबईत राहणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. गावी घर आहे, सातबारावर नाव आहे आणि गणपतीला दरवर्षी जाणे होते, म्हणून मतदान गावीच असावे असे अनेकांना मनापासून वाटते. पण कायद्याप्रमाणे केवळ घर मालकीचे असल्याने कुणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. माणूस प्रत्यक्षात जिथे राहतो तिथेच त्याचे नाव असायला हवे. उलट, ऊसतोडीसाठी बीडहून काही महिने बाहेर पडणारा मजूर तात्पुरता गैरहजर असतो, आणि तेवढ्यावरून त्याचे गावच्या यादीतले नाव कमी करता येत नाही.

मृत व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नोंदीवर हरकत घेण्यासाठी नमुना ७ आहे. परदेशी स्थायिक असलेल्या पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या मराठी माणसांसाठी नमुना ६ अ आहे. त्यांचे नाव पारपत्रावरील भारतातल्या पत्त्यावर लागते, मात्र मत देण्यासाठी मूळ पारपत्र घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते.

अर्ज दिल्यावर

पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढची सगळी चौकशी त्यावर चालते. अर्ज हरकतींसाठी सात दिवस खुला ठेवावा लागत असल्याने निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती फार थोडे दिवस उरतात, आणि उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पार पडेपर्यंत यादीत काहीही बदलता येत नाही. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिले अपील करता येते आणि त्यांच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे. या हक्काचा वापर फार कमी लोक करतात. बहुतेकजण खिडकीवरचे तोंडी उत्तर ऐकून घरी परततात, आणि याचे मला नेहमी वाईट वाटते.

शिकवण्याचे काम मागून घ्यावे

मतदार शिक्षण हे आयोगाचे कर्तव्यच आहे. २००९ पासून ‘स्वीप’ या नावाने हा कार्यक्रम चालतो, २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो आणि शाळा-महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळे स्थापन करण्याचे धोरण आहे. प्रत्यक्षात हे काम पथनाट्य, रांगोळी स्पर्धा आणि शपथ एवढ्यावर आटोपते, तेव्हा त्यातून मतदाराच्या हाती फारसे काही लागत नाही. त्यापेक्षा महाविद्यालयाने किंवा गृहनिर्माण संस्थेने तहसीलदारांना लेखी पत्र देऊन एक नोंदणी शिबिर मागावे, आणि निवडणुकीच्या आधीच्या महिन्यांत मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. ज्या आजींनी यंत्र कधी जवळून पाहिलेले नाही, त्यांना निळे बटण दाबून, दिवा लागलेला पाहून, शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्रात, म्हणजे दिलेले मत छापून दाखवणाऱ्या यंत्रात, सुमारे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी वाचायला मिळणे, यासारखे शिक्षण कोणत्याही फलकाने होत नाही. नगरपालिका व महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागांत एकाच मतदाराला एकापेक्षा अधिक जागांसाठी मते द्यायची असतात आणि तिथे व्हीव्हीपॅट नसते. म्हणून त्या निवडणुकीचे प्रात्यक्षिक वेगळे मागावे.

उमेदवाराविषयीची माहितीही याच कार्यालयाकडून मिळते. प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे शपथपत्रात जाहीर करावी लागतात, आणि ही शपथपत्रे कुणालाही पाहता येतात. सभेला जाण्याआधी ती एकदा वाचावीत.

मतदानाच्या आधी आणि त्या दिवशी

घरात ८५ वर्षांवरील वडीलधारी माणसे किंवा ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेली व्यक्ती असेल, तर लोकसभा-विधानसभेला घरून टपाली मतदान करता येते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२ डी भरून द्यावा लागतो. ही मुदत चुकली तर घरून मत देता येत नाही. केंद्रावर चाकांच्या खुर्चीची व्यवस्था मात्र मागता येते.

मतदार माहिती चिठ्ठी केंद्र शोधण्यासाठी आहे, ती ओळखीचा पुरावा नाही. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांपैकी एखादे चालते. मतदान संपण्याच्या वेळी जो रांगेत उभा असतो, त्याला मत देऊ दिले जाते. म्हणून पाच मिनिटे उरली आहेत असे पाहून घरी परतू नये.

आणि केंद्रात गेल्यावर आपल्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेल्याचे कळले, तर भांडत बसू नये आणि मुकाट्याने बाहेरही पडू नये. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागावे. ओळख पटल्यावर ते आपल्याला कागदी मतपत्रिका देतात, नोंदीच्या यादीत सही घेतात आणि शिक्का मारलेली ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जपून ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ती धरली जात नाही, पण निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेले तर ती मतपत्रिका पाहिली जाऊ शकते.