बधिर करायचं क्रीम: घड्याळ बघा, ट्यूब पिळू नका

माझ्या भाचीचं दर तीन महिन्यांनी रक्त काढावं लागायचं, तेव्हा ती सात वर्षांची. सुई दिसली की पोरगी खुर्चीखाली. शेवटी डॉक्टरांनी त्वचा बधिर करायचं क्रीम लिहून दिलं, आम्ही खूश. लॅबमध्ये पोचलो, वेटिंगला बसल्या बसल्या कोपराच्या खळगीत क्रीम चोळलं, दहा मिनिटांत नंबर आला, सुई टोचली आणि तिनं असं भोकाड पसरलं की बाहेर बसलेली बाकीची पोरंही रडायला लागली. घरी येताना मी म्हटलं क्रीम भंगार आहे. क्रीम ठीक होतं, आमच्या डोक्यातच वेळेचं गणित नव्हतं.

आता हे गणित काय ते सांगते. सगळ्यात जास्त वापरतात त्या क्रीममध्ये लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधं असतात, प्रत्येकी २.५ टक्के. वेगवेगळी ठेवली तर दोन्ही घन, पण एकत्र केली की साध्या तापमानालाच वितळून तेलासारखी होतात आणि म्हणूनच कातडीच्या वरच्या कोरड्या थरातून आत झिरपतात. पण झिरपतात हळूहळू. साधारण १ तासात ३ मिलिमीटर खोल बधिरपणा येतो, २ तासांत ५ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे रक्त काढायचंय किंवा सलाईनची सुई लावायचीय तर किमान १ तास आधी लावायला हवं, आणि तुम्ही कितीही जाड थर दिलात तरी तो १ तासाचा अर्धा तास होत नाही. नुसतं ४ टक्के लिडोकेनवालं क्रीम साधारण अर्ध्या तासात काम करतं, टेट्राकेनचं जेल ३० ते ४५ मिनिटांत, त्यामुळे आपल्या हातात नक्की कुठली ट्यूब आहे ते आधी वाचा, शेजारणीनं सांगितलेली वेळ तुमच्या ट्यूबला लागू होईलच असं नाही.

लावायच्या आधी एक फोन करा किंवा विचारून घ्या की सुई नक्की कुठे टोचणार. दुसऱ्या वेळी आम्ही शहाण्यासारखं घरून १ तास आधी लावून गेलो, डाव्या हाताला, आणि सिस्टर म्हणाल्या डावीकडे शीर सापडत नाहीये, उजवा द्या! तेव्हापासून दोन्ही कोपरांना लावतो, अर्थात दोन जागा मिळून किती क्रीम होतंय ते डॉक्टरांना विचारून.

लावायची पद्धत तशी सोपी आहे. जागा साबणानं धुवून कोरडी करा, त्यावर लोशन, तेल, पावडर काही नको. मोठ्या माणसाला ५ ग्रॅमच्या ट्यूबमधलं अर्धं, म्हणजे २.५ ग्रॅम, साधारण ५ बाय ५ सेंटीमीटर जागेवर. चोळायचं नाही, हीच चूक सगळे करतात, मॉइश्चरायझरसारखं जिरवत बसतात. गोळा ठेवायचा, पांढरा जाड थर दिसला पाहिजे, आणि त्यावर पारदर्शक चिकट ड्रेसिंग असं लावायचं की क्रीम कडेनं बाहेर येणार नाही. मग पेन घेऊन ड्रेसिंगवरच वेळ लिहा, "१०:१५" अशी. हे मला एका सिस्टरनीच शिकवलं, आणि खरंच, घाईगडबडीत कधी लावलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. शेवटी हात धुवा, नाहीतर तुमची बोटं बधिर होतील आणि तेच बोट चुकून डोळ्यात गेलं तर अजून वाईट.

वेळ झाली की ड्रेसिंग काढा, क्रीम पूर्ण पुसा. कातडी पांढरी पडलेली दिसेल किंवा थोडी लाल, घाबरू नका, ते होतंच. शिरा जरा आकसलेल्या असू शकतात म्हणून काही सिस्टर पुसल्यावर पाच-दहा मिनिटं थांबतात. बधिरपणा पुढे १-२ तास टिकतो, त्यामुळे नंबर थोडा उशिरा लागला तर परत क्रीम लावत बसू नका. आणि मुलाला आधीच खरं सांगा की हात लागलेला कळेल, दाबलेलं कळेल, फक्त टोचल्याची कळ येणार नाही. "काहीच कळणार नाही" म्हणालात आणि त्याला दाब जाणवला की पुढच्या वेळी तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. स्नायूत द्यायच्या इंजेक्शनला कातडी बधिर झाली तरी आत औषध जाताना दुखतं, ते या क्रीमनं थांबत नाही. बीसीजीसारखी लस कातडीच्या आतच देतात, त्या जागेवर हे लावू नका, आधी विचारा.

आता जिथे लोक खरंच गोत्यात येतात तो भाग. कातडीला लावायचं म्हणजे निरुपद्रवी असं वाटतं, पण हे औषध रक्तात उतरतं. किती उतरणार ते चार गोष्टींवर ठरतं, किती लावलं, किती जागेवर, किती वेळ आणि कातडी कशी आहे. २००७ साली एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, इशारा दिला होता, लेझरनं केस काढायच्या आधी दोन तरुणींनी पायांना बधिर करायचं क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं, दोघींना झटके आले, कोमात गेल्या आणि नंतर दोघींचा मृत्यू झाला. क्रीम जास्त तीव्रतेचं, मुद्दाम बनवून घेतलेलं होतं. २०२४ मध्ये परत त्यांनी ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन असलेली, सरळ ग्राहकाला विकली जाणारी क्रीमं वापरू नका म्हणून सांगितलं. तरीही ऑनलाइन अशा ट्यूब मिळतात आणि टॅटूवाले, पार्लरवाले त्या सर्रास वापरतात. कुणी पूर्ण पायाला किंवा पाठीला लावून प्लास्टिक गुंडाळायला सांगितलं तर माझं म्हणणं सरळ नाही म्हणा. एवढ्या मोठ्या भागाला भूल हवीय तर ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालचं आहे, घरी गुंडाळून रिक्षानं जायचं नाही.

गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड क्रीमवर ठेवायचं नाही, उष्णतेनं औषध भराभर आत जातं. आदल्या दिवशी शेव्हिंग किंवा वॅक्सिंग करून कातडी सोललीय, खरचटलंय, एक्झिमा आहे, तिथेही तेच होतं. जखमेवर, डोळ्यांजवळ, कानाच्या आत (पडदा फाटलेला असेल तर विशेषतः), तोंडात किंवा नाजूक जागी स्वतःच्या मनानं लावू नका. दात येताना बाळाच्या हिरड्यांना तर अजिबात नाही.

मुलांचं माप वेगळं. अडीच-अडीच टक्केवाल्या क्रीमसाठी १ ते ६ वर्षं आणि १० किलोच्या वरच्या मुलाला सगळं मिळून जास्तीत जास्त १० ग्रॅम, ७ ते १२ वर्षं आणि २० किलोच्या वर असेल तर २० ग्रॅम, दोन्हीत ४ तासांच्या वर नाही. ही वरची मर्यादा झाली, एवढं लावायचंच असं नव्हे, एका सुईला याच्या खूप कमी लागतं. वय बसतंय पण वजन कमी आहे तर वजन धरा. वर्षाच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी ग्रॅम आणि मिनिटं दोन्ही सांगितल्याशिवाय लावूच नका.

लहान बाळांची एवढी काळजी कशाला तर प्रिलोकेनमुळे क्वचित रक्तातलं हिमोग्लोबिन असं बदलतं की त्याला ऑक्सिजन नीट वाहता येत नाही. ओठ, नखं निळी-राखाडी दिसायला लागतात, धाप लागते, आणि हे क्रीम काढून टाकल्यावर काही तासांनीही दिसू शकतं. जी सिक्स पीडीची (लाल रक्तपेशींतलं एक एन्झाइम) कमतरता असेल, डॅप्सोन (कुष्ठरोगावर देतात ते औषध) किंवा सल्फाची औषधं चालू असतील तर धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. हृदयाच्या ठोक्यांची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, पूर्वी दातांच्या डॉक्टरकडे भुलीच्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली असेल, तेही सांगा. त्याच दिवशी आणखी कुठलं लिडोकेन, पॅच, स्प्रे, इंजेक्शन, घेतलं तर ते सगळं बेरजेत धरतात.

ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुंई आवाज, चक्कर, अंधुक दिसणं, अंग थरथरणं, विचित्र झोप येणं, यातलं काहीही झालं की पहिलं क्रीम पुसा, धुवून टाका आणि लगेच दवाखाना गाठा, सोबत ट्यूब घ्या. झटका आला किंवा निळेपणा दिसला तर थेट अॅम्ब्युलन्स.

काम झाल्यावर ती जागा अजून बधिर असते हे मुलं विसरतात, खाजवून रक्त काढतात, गरम भांड्याला हात लागला तरी कळत नाही, तेव्हा १-२ तास लक्ष ठेवा. ड्रेसिंग लावलेलं असताना तर सारखंच ठेवावं लागतं, भाचीनं एकदा कडेचं क्रीम चाटून बघितलं होतं आणि जीभ बधिर झाल्यावर अर्धा तास बोबडं बोलत होती, आम्ही हसलो पण आधी डॉक्टरांना फोन केला होता. त्याहून लहान मूल ड्रेसिंग उचकटून तोंडात घालतं, घशात अडकू शकतं, म्हणून वरून हलकं बँडेज गुंडाळा. काढलेल्या ड्रेसिंगला बरंच औषध चिकटलेलं असतं, ते आतल्या बाजूला दुमडून झाकणाच्या डब्यात टाका, नुसतं टेबलावर ठेवून देऊ नका.