कापड आवडलं नाही? गोधडीत खपवा

सेलमधलं कापड घरी आणल्यावर भडक वाटतं, ड्रेस शिवावासा वाटत नाही, मग ते कपाटात पडून राहतं. त्याचे ब्लॉक, म्हणजे गोधडीत जोडायचे चौकोनी तुकडे, करून बघा.

१. ते कापड आणि एखादं एकरंगी, दोन्हींचे ५ इंची चौकोन कापा.

२. सुलट बाजू आत ठेवून जोडी लावा, खडूने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा, रेघेच्या दोन्हीकडे पाव इंचावर टीप मारा आणि रेघेवरच कापा, उघडलं की दोन ब्लॉक मिळतात, कडा साडेचार इंचाला सारख्या करा.

३. चार ब्लॉक फिरवून फिरवून मांडा, भिरभिरं होतं, डायमंड होतो. मोठी फुलं अशी तुटली की तीच प्रिंट चक्क बरी दिसते!

गोधडीच्या आत जुनी सोलापुरी चादर घाला (आपल्याकडे ती कुणाच्या घरात नसते?), कापूस लागत नाही. फक्त कापड आधी वेगळं धुवा, लाल-मरून रंग सुटला तर शेजारचा पांढरा तुकडा गेलाच म्हणून समजा.