दिव्यांग म्हणून मजुरी कमी मिळत असेल तर

लातूरच्या डाळमिलमध्ये किंवा वाळूजच्या एमआयडीसीत तेच काम, तेवढेच तास करूनही केवळ दिव्यांग असल्यामुळे कमी मजुरी मिळत असेल, तर सर्वप्रथम पुरावा जमवावा. हजेरी, पगारपावती आणि बँकेतील नोंदी यांच्या प्रती जपाव्यात. मजुरी रोख मिळत असल्यास तारीख, काम, तास आणि रक्कम रोज वहीत लिहावी व तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याचा दरही नोंदवावा, कारण तुलनेवाचून भेदभाव सिद्ध करणे अवघड जाते.

त्यानंतर मालकाला लेखी अर्ज देऊन फरकाचे कारण विचारावे आणि पोच घ्यावी. ‘दिव्यांगांना किमान वेतन लागू नाही’ असे उत्तर मिळाल्यास दबून जाऊ नये. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ मध्ये अशी सूट देण्याचा अधिकार सरकारला होता, मालकाला नव्हे. म्हणून शासनाच्या आदेशाची प्रत मागावी.

दाद न मिळाल्यास वेतनातील फरकासाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, तर भेदभावाबद्दल दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या आधारे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडावी. वकिलाच्या खर्चाच्या धास्तीने कोणी इथेच थांबावे, हे फार क्लेशदायक आहे. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र असते आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.