गड्ड्याआधी चटणीवाल्यांची तयारी

डिसेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडून बहुतेक वेळा एखादी ताई असते. शेंगाची चटणी, कडक भाकरी, शेंगापोळी असा घरून धंदा, आणि जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, होम मैदानावर स्टॉल टाकायचाय. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, फूड लायसन काढून देता का?" काढून देतो, पण ते काम अर्ध्या दिवसाचं. बाकीचा महिना कशात घालवायचा, ते इथे सांगतो.

कागदाचं आधी उरकू. धंदा लहान असेल तर नोंदणी लागते, मोठा असेल तर परवाना. 12 लाखांच्या उलाढालीची रेघ सगळ्यांच्या तोंडात आहे, तरी अर्ज भरताना फॉस्कॉसवर, म्हणजे फूड लायसनच्या सरकारी संकेतस्थळावर, चालू मर्यादा बघून घ्या. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा हाताशी ठेवा. मिळणारा नंबर 14 आकडी असतो. नोंदणीचा 2 ने सुरू होतो, परवान्याचा 1 ने. दुसऱ्या कुणाचा नंबर 'तात्पुरता' पाकिटावर छापू नका. स्टॉल ही वेगळी जागा आहे, घरच्या नोंदणीवर तिथे निभेल असं धरून चालू नका.

आता शेंगदाण्याचं पोतं, कारण चटणीचं खरं दुखणं त्यातच आहे. खरिपाची शेंग काढणीला आलेली असताना पाऊस झाला, की दाणा ओलसर राहतो आणि त्यावर बुरशी धरते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्याला दिसत नाही आणि भाजल्यावर पुरतं जातही नाही. 'आमचे दाणे खरपूस भाजलेले असतात' हे त्याला उत्तर नव्हे. खायला तयार दाण्यांत त्याची मर्यादा किलोमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका पोत्यातले मूठभर खराब दाणेही महागात पडू शकतात. बरी गोष्ट अशी, की हे विष बहुतेक सुरकुतलेल्या, काळपट, बुरसटलेल्या दाण्यांतच साठलेलं असतं. म्हणून घेताना पोत्याच्या तोंडचे दाणे बघून भागत नाही. तळातून मूठ काढा, दोन दाणे दातांखाली फोडा, वास घ्या. घरी आणल्यावर पाखडा आणि उजेडात बसून निवडा. काढलेले दाणे टाकूनच द्यायचे, 'लसणाच्या चटणीत खपतील' म्हणून बाजूला ठेवायचे नाहीत. पोतं फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी हवी आणि भिंतीपासून वीतभर अंतर.

दाणे असोत की तिखट, बिल मागाच. 2022 पासून बिलावर विकणाऱ्याचा 14 आकडी नंबर असायला हवा. सुटं, भडक लाल तिखट स्वस्त पडतं, पण त्यात रंग निघाला तर आधी तुम्हालाच जाब द्यावा लागतो. मिरची आणून स्वतः कांडपाला न्या.

पाण्यात सोलापूरची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. नळ रोज येत नाही, म्हणून साठवण आलीच. टाकी कधी धुतली ती तारीख टाकीवरच खडूने लिहा. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल फाइलला लावा. चटणीत पाणी पडत नसलं तरी हात आणि उखळ त्याच पाण्याने धुता. काम करणाऱ्या बायकांचे वैद्यकीय दाखले वर्षातून एकदा नवे करून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ लेबलात होतो. एका ताईंच्या पाकिटावर सुबक छापलं होतं, 'उत्पादन दिनांक: पाकिटावर पाहा'. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, तारीख कुठेच नाही. शिक्का आणायचा राहून गेला होता! तेव्हा नाव, वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, पत्ता, एमआरपी, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, हे एकेक बोट ठेवून तपासा. 'यात शेंगदाणे आहेत' हेही वेगळं लिहावं लागतं. शेंगाच्या चटणीत शेंगा असणारच, म्हणून हसू येतं, पण अ‍ॅलर्जीची सूचना कायद्याने हवीच. आणि कांडप मशीनवर काढलेल्या मालावर 'घरगुती' छापायचा मोह आवरा. गिऱ्हाइकाचा चुकीचा समज होईल असे शब्द चालत नाहीत. स्टॉलवर कडक भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून देणंही बंद. शाई अन्नाला लागते.

मालाचा नमुना घ्यायला अन्न सुरक्षा अधिकारी आले तर घाबरून शटर ओढू नका. नमुन्याची किंमत ते देतात, ती घ्या. त्याचे चार भाग करून सील होतात, तेवढा वेळ तिथेच उभ्या राहा. एक भाग तुमच्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ शकतो. ही मागणी तेव्हाच करायची असते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. अहवाल विरोधात आलाच तर अपिलाला 30 दिवस असतात, पत्र ड्रॉवरमध्ये सारून बसू नका.

शेवटचं काम बिनखर्चाचं. प्रत्येक घाण्याची दोन पाकिटं तारीख टाकून वेगळ्या डब्यात ठेवा. कुणी खवट लागल्याची तक्रार आणली की त्याच घाण्याचं पाकीट फोडून बघता येतं. त्या डब्यावर 'विक्रीला नाही' असं मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतर रात्री भाकरीबरोबर घरचेच पहिलं पाकीट फोडतात. आमच्या घरी दोनदा झालंय.