सर्कस कॅम्पला निघालेल्या मुलाची बॅग

कॅम्पकडून यादी येते ती बघून वाटतं, नेहमीच्याच समर कॅम्पची आहे: स्लीपिंग बॅग, टॉर्च, रेनकोट, पाण्याची बाटली. खरी गोम कपड्यांच्या ओळीत असते. शिवाय आपल्या घरातल्या मुलांच्या अंगावर, केसांत आणि डब्यात अशा काही गोष्टी असतात, ज्यांचा उल्लेख अमेरिकेतल्या कॅम्पच्या यादीत सहसा सापडत नाही. मी लिहितेय ते ईशान्य अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या बाजूच्या निवासी कॅम्पच्या हिशोबाने. तिथे ग्रीन्सबरो गावात सर्कस स्मर्कस ही मुलांची सर्कस आहे, रॉब मर्मिन यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली. कॅलिफोर्नियात वेव्ही ग्रेव्ही यांच्या कॅम्प विनारेनबोला किंवा आणखी कुठे जाणाऱ्यांनी हवामानाचा भाग आपल्या अंदाजाने बदलावा, बाकीचं बहुतेक तसंच लागू पडेल.

कागद आधी. आरोग्याच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते आणि जूनमध्ये मुलांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्येच फोन करा. लशींच्या नोंदी भारतातल्या कार्डावर असतील तर इथल्या डॉक्टरांकडून इथल्या नमुन्यात उतरवून घ्या. औषधं मूळ डबीत, मुलाच्या नावाच्या लेबलसकट, थेट नर्सच्या हातात. यात सर्दीच्या गोळ्या आल्या, व्हिटॅमिनं आली, आजीने पाठवलेल्या साबुदाण्याच्या गोळ्यासुद्धा आल्या. पुण्याहून आणलेली बिनलेबलाची पट्टी मुलाच्या बॅगेत लपवून देऊ नका. इनहेलर किंवा एपिपेन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) लागत असेल तर मुदत तपासा. पूर्वी हात मोडला होता, खांदा निखळला होता, उंचावर गरगरतं, हे सगळं फॉर्मवर स्पष्ट लिहा. ‘लिहिलं तर घेणार नाहीत’ असं म्हणून गप्प बसणारे पालक मी पाहिलेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्या कोचने आपल्या मुलाला उलटं लटकवायचं आहे, त्याला हे आधी कळायलाच हवं.

आता कपडे. सिल्क (वरून टांगलेलं लांब कापड), ट्रॅपीझ (दोन दोरांना टांगलेली आडवी दांडी), लायरा (टांगलेलं धातूचं कडं) असल्या हवेतल्या प्रकारांना घोट्यापर्यंतची लेगिंग लागते. शॉर्ट्स नकोत. कापड किंवा दांडी नेमकी गुडघ्याच्या मागच्या लवणीत येते, सगळा भार तिथे पडतो, आणि उघड्या कातडीवरून कापड सरकलं की सालटं निघतं. वरचा शर्ट अंगाबरोबर बसणारा, काखा झाकणारा आणि लेगिंगमध्ये खोचता येईल इतका लांब हवा. ढगळ टीशर्ट उलटं लटकल्यावर तोंडावर येतो आणि मुलाला काही दिसत नाही. चकचकीत नायलॉनची लेगिंग घसरते, सुती ताणाची बरी. झिप, बटण, हूक, टिकल्या, खडे यातलं काहीही नको. खिशाच्या कोपऱ्यावरचं एवढंसं धातूचं बटण सिल्कमध्ये अडकलं की आधी एक बारीक धागा सुटतो, मग तिथे भोक पडतं, आणि ज्या कापडावर माणसाचा जीव टांगायचा त्याला भोक चालत नाही. म्हणून प्रत्येक लेगिंग भरण्याआधी उलटी करून शिवणीवरून बोट फिरवा. जोड्या भरपूर द्या, रोज घामाने भिजतात, आणि कपडे धुण्याची सोय सत्राच्या मध्यात आहे की नाहीच, ते विचारून घ्या. नाव प्रत्येक कपड्यावर घाला. काळ्या लेगिंगवर काळा मार्कर दिसत नाही, तिथे पांढऱ्या पट्टीचं लेबल शिवा.

बुटांचं थोडक्यात: युनिसायकलसाठी, म्हणजे एकचाकी सायकलसाठी, बंद बूट, आणि नाडीची टोकं आत खोचलेली, नाहीतर ती पेडलच्या दांड्यात गुंडाळली जातात. तारेवर चालायला पातळ, मऊ तळव्याचे. सिल्कला अनवाणीच. युनिसायकल, चेंडू, हवेत उडवून झेलायचे क्लब यातलं काहीही विकत घेऊ नका, ते सगळं कॅम्पकडे असतं आणि मुलाला नक्की काय आवडणार ते कॅम्प संपल्याशिवाय कळत नाही.

मग दोरे. हातातला काळा दोरा, कमरेचा करगोटा, गळ्यातली माळ, मुंज झालेल्या मुलाचं जानवं. सिल्कच्या गुंडाळीत किंवा ट्रॅपीझच्या दोरात यातलं काहीही अडकू शकतं, आणि कोच ते अंगावर ठेवू देणार नाही. हा विषय घरातल्या मोठ्यांसमोर निघायच्या महिनाभर आधी काढा. कोच कात्री घेऊन उभा आहे आणि मूल रडवेलं होऊन आईचा फोन मागतंय, हे टाळता येण्यासारखं आहे. काढून ठेवलेली वस्तू छोट्या डबीत घालून बॅगेत द्या, म्हणजे आजीचंही समाधान. ऑगस्टच्या सत्रात राखीपौर्णिमा येत असेल तर टपालाने पाठवलेली राखी मनगटाऐवजी बंकच्या दांडीला बांधायला सांगा. कानातलं, चमकी, अंगठी, पैंजण घरीच. कान टोचायचे असतील तर कॅम्पनंतर टोचा, कारण नव्या भोकातून दागिना काढून ठेवला की भोक बुजतं.

केसांबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचंय. निघायच्या आदल्या रात्री डोक्याला तेल चोपडू नका. आपल्याकडे मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात, इथे उलट हात घसरू नयेत म्हणून राळ किंवा खडूची पूड लावतात. तेलाचे हात सिल्कला लागले तर त्या दिवशी पुढच्या मुलाची पकड जाते. लांब केसांच्या दोन घट्ट वेण्या घाला. अंबाडा नको, कोलांटी मारताना नेमका तोच जमिनीवर टेकतो. धातूच्या क्लिपांऐवजी साधी रबरं, आणि ती मूठभर, कारण रबरं कुठे जातात हे कोणालाच कळत नाही.

हातांची तयारी मात्र घरी सुरू करता येते. नखं बारीक कापा, हातांची आणि पायांचीही. ट्रॅपीझच्या दांडीने तळव्यावर, बोटांच्या मुळाशी घट्टे पडतात, आणि घट्टा उंच वाढला की तो सोलून निघतो. म्हणून टाचा घासायची वजरी बॅगेत टाका आणि अंघोळीनंतर घट्टा हलक्या हाताने सपाट कसा करायचा ते मुलाला दाखवून ठेवा. सोबत खेळाडू वापरतात ती कापडी चिकटपट्टी. कैलास जीवन द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण फक्त रात्री झोपताना. सकाळी हाताला कुठलंही क्रीम नको.

घरी सराव करायचाच असेल तर तो तीन पिशव्यांच्या जगलिंगचा, म्हणजे त्या आळीपाळीने उडवून झेलण्याचा. जुन्या मोज्यांत ज्वारी भरा, साधारण १२० ग्रॅमची एकेक, आणि तोंड पक्कं शिवा. मुलाला पलंगासमोर उभं करा, म्हणजे पडलेली पिशवी गादीवर पडते आणि दर वेळी वाकावं लागत नाही. आधी एक पिशवी या हातातून त्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत, मग दोन, तिसरीची घाई नको. यूट्यूबवर बघून बॅकफ्लिप किंवा स्प्लिटचा सराव बिलकूल नको. चुकीची सवय मोडण्यात कॅम्पचा अर्धा वेळ जातो, आणि मान दुखावली तर कॅम्पच जातो. न्यू जर्सीत किंवा सुट्टीत मुंबई-पुण्यात दोरीचा मल्लखांब शिकलेलं मूल असेल तर फॉर्मवर तसं लिहा. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी धरायची त्याची सवय तिथे कामाला येते.

खाण्याचं. चिवडा, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, दाण्याची चटणी यातलं काहीही भरू नका. दुसऱ्या कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते, आणि बऱ्याच कॅम्पांत केबिनमध्ये खाऊ ठेवायलाच बंदी असते, कारण उंदीर आणि अस्वलं. शाकाहारी असाल तर फॉर्मवर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. अंडं चालतं का ते लिहा. शेकोटीभोवती मिळणाऱ्या मार्शमेलोत आणि जेलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे मुलाला आधी सांगा आणि निर्णय घरीच करून पाठवा.

उत्तर व्हरमाँटमध्ये जुलैतसुद्धा रात्री पारा १० ते १२ अंशांवर येतो, तेव्हा स्वेटर, लोकरीचे मोजे आणि पातळ शाल हवीच. गोचिडांसाठी फवारा द्या. त्यांच्या चाव्यातून लाइमचा आजार तिथे खरोखर होतो. काखा, गुडघ्याची लवण, कानामागे, केसांची कड, रोज अंघोळीच्या वेळी कुठे कुठे बघायचं ते पाठ करून घ्या.

फोन बहुतेक ठिकाणी नेता येत नाही. पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटं द्या. एक ठाण्याला आजोबांच्या पत्त्यावर, त्याला आंतरराष्ट्रीय तिकीट. ‘करमलं नाही तर लगेच न्यायला येऊ’ असं वचन मात्र देऊ नका, कारण मग मूल पहिल्या रात्रीपासून त्याचीच वाट बघत बसतं. आजोबा ‘सर्कस शिकायला पाठवताय?’ म्हणाले तर त्यांना सांगा, भारतीय सर्कस उभी केली ती अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० मध्ये मुंबईत. कुरुंदवाडकरांच्या पागेत घोडे शिकवणारा माणूस होता तो. आमच्याकडे या माहितीनंतर विरोध बराच मावळला.

विदूषकीसाठी एक वेगळी पिशवी भरा: बाबांचा जुना टाय, ढगळ कोट, गांधी टोपी, फाटका हातमोजा. इथे बटणं चालतात. नऊवारी देऊ नका, लहान मुलांना ती कोणाच्या मदतीशिवाय नेसता येत नाही.

शेवटच्या दिवशीच्या प्रयोगाला जाताना फ्लॅश बंद करा, तारेवरच्या मुलाचे डोळे दिपतात. खेळ चालू असताना नावाने हाका मारू नका, टाळ्या उतरल्यावर. आणि बॅग गाडीत टाकण्याआधी सोबत आणलेल्या मोठ्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. घरी आल्यावर कोरडे कपडे आधी ड्रायरमध्ये १० मिनिटं कडक उष्णतेवर फिरवा, त्याने गोचिड मरतात. ओले असतील तर जास्त वेळ लागतो. धुणं त्यानंतर.