पानगळीतला प्राजक्त: पाण्याची घाई नको, छाटणी चुकवू नका

माघ सरून फाल्गुन लागला की खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातील परसात आणि बांधावर उभा असलेला प्राजक्त अगदी केविलवाणा दिसू लागतो. दसरा-दिवाळीत पहाटे अंगणात सडा घालणाऱ्या या झाडाची पाने आधी पिवळट, मग तपकिरी होऊन गळतात आणि फांद्यांवर चपट्या, नाण्याएवढ्या वाळलेल्या बोंडांखेरीज काही उरत नाही. झाड मेले असे समजून काही जण ते मुळासकट काढतात, तर काही जण घाबरून रोज बादलीभर पाणी आणि वर मूठभर युरिया घालतात. या दोन्ही चुका टाळाव्यात, म्हणून हा सल्ला.

प्राजक्त हे मुळात कोरड्या पानगळी रानातले, मोठ्या झुडपाच्या बांध्याचे झाड असून, उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकून ओलावा राखणे हा त्याचा स्वभाव आहे. नियमित पाणी मिळणाऱ्या बागेत पानगळ अर्धवट होते, तर काळ्या जमिनीच्या कोरडवाहू बांधावर झाड पूर्ण उघडे पडते. दोन्ही अवस्था निरोगी समजाव्यात. शंका असल्यास बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आतून हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडी लागली तर आणखी खाली, हिरवे लागेपर्यंत पाहत जावे. जिवंत पण पर्णहीन झाडाला या दिवसांत बारा-पंधरा दिवसांतून एकदा दिलेले पाणी पुरते. काळ्या जमिनीत तेवढेही लागत नाही. पहिल्या वर्षाच्या रोपांना मात्र आठवड्याला पाणी द्यावेच.

याच काळातले खरे काम म्हणजे छाटणी. प्राजक्ताला फुले येतात ती त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे डोळे फुगण्यापूर्वी, छाटलेल्या झाडाला पावसाळाभर वाढून भाद्रपदापर्यंत कळ्या धरायला पुरेसा अवधी मिळतो. आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात. मग उरलेल्या फांद्यांची लांबी साधारण एक तृतीयांशाने कमी करावी. कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहिली तर ती चौकोनी लागते आणि पाने, पर्यायाने डोळेही, समोरासमोर जोडीने असतात. म्हणून येथे गुलाबासारखा तिरपा काप देण्याचे कारण नाही. डोळ्यांच्या जोडीच्या बोटभर वर सरळ काप द्यावा, म्हणजे दोन्ही डोळे फुटून एका फांदीच्या दोन होतात आणि फुले धरणारे शेंडे वाढतात. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार असावे. कोयत्याने ठेचलेल्या फांदीचे टोक खालपर्यंत वाळत जाते. दहा-बारा वर्षांचे, फक्त वर पिसारा आणि खाली काठ्या असे झालेले झाड कमरेइतक्या उंचीवर छाटले तरी जोमाने फुटते. मात्र अंगठ्यापेक्षा जाड कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना 10 लिटर पाण्यात करून, त्याच दिवशी लावावी.

छाटणी वेळेवर करण्याचा आग्रह अनुभवातून धरतो आहे. एका वर्षी फाल्गुनात राहून गेलेली छाटणी मी श्रावणात, फांद्या वाटेवर येतात म्हणून उरकली आणि त्या दिवाळीला आमच्या अंगणात ओंजळभरही फुले पडली नाहीत. मे महिन्यात नव्या फुटव्यांचे शेंडे एकदा खुडावेत, पण मृग निघाल्यानंतर शेंड्यांना हात लावू नये.

खत वळवाचे एक-दोन पाऊस पडून जमीन भिजल्यावरच द्यावे. मोठ्या झाडास दोन घमेली कुजलेले शेणखत आणि पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड खोडाला न टेकवता, फांद्यांच्या सावलीच्या कडेने चर काढून मातीत मिसळावी. युरियाने पाला माजतो आणि फूल मागे पडते.

जमिनीचा विचार आपल्या भागात तालुक्यागणिक वेगळा करावा लागतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या जमिनीत निचरा चांगला असला तरी पाऊस इतका असतो की सखल जागी मुळे कुजतात, म्हणून तेथे उताराची जागा निवडून आळे न करता बुडाशी मातीची भर द्यावी. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या जमिनीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळून हातभर उंचवट्यावर लागवड करावी. सुट्या झाडांत आठ ते दहा फूट अंतर पुरते. ऊसपट्ट्यात बांधावरच्या झाडांना दोन धोके आहेत: तोडणीनंतर पेटवलेले पाचट, ज्याच्या झळेने पातळ साल भाजते, आणि रुंद पानांच्या तणांसाठी उसात मारलेले टू-फोर-डी हे तणनाशक, जे वाऱ्याने उडून आले की नवी पालवी वेडीवाकडी होते. छाटलेल्या झाडाच्या आसपास हे दोन्ही कटाक्षाने टाळावे.

रोपे तयार करणाऱ्यांनी छाटणीपूर्वीच तपकिरी बोंडे काढून घ्यावीत. प्रत्येक बोंडाचे दोन कप्पे होतात आणि एकेका कप्प्यात एक चपटे बी असते. बियाणे फार काळ साठवू नये; रात्रभर भिजवून माती, वाळू आणि शेणखताच्या पिशवीत अर्धा इंच खोल पेरावे. फूल लवकर हवे असल्यास पावसाळ्यात गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून केलेले कलम, बांधावे. या भागातील रोपवाटिकांत कामगार बहुधा कन्नड बोलणारे असतात. ‘पारिजात’ म्हटले की दोन्हीकडे एकच झाड समजते.

पावसाळ्यात केसाळ सुरवंटांकडे लक्ष असावे. ते दिवसा खोडावर सालीच्याच रंगाच्या घोळक्याने चिकटून बसतात आणि रात्री पाला खातात, त्यामुळे पाने चाळणीसारखी झालेली दिसूनही कीड कोठे आहे ते कळत नाही. सकाळी खोड माणसाच्या उंचीपर्यंत चौफेर तपासावे, घोळका काठीने साबणाच्या पाण्यात पाडावा आणि उघड्या हाताने शिवू नये, कारण केस टोचून अंगावर गांधी उठतात. लहान अळ्यांवर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. कळ्या दिसू लागल्यावर रासायनिक कीटकनाशक मारू नये. ही फुले जमिनीवर पडलेली असूनही देवाला चालतात, आणि ती वेचणारे हात बहुतेक घरांत लहान मुलांचे असतात.